बेळगावहून दिल्ली : चार दिवस, सोबत आई, काय पाहावे आणि काय सोडावे?

खानापूरकर
नमस्कार. फेब्रुवारीच्या मध्यात आई, पत्नी आणि मी असे तिघे दिल्लीला जाणार आहोत. गोवा एक्सप्रेसची जाण्यायेण्याची तिकिटे काढली आहेत. बेळगावला संध्याकाळी बसले की दोन रात्री आणि मधला एक दिवस गाडीत काढून सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरायचे. हातात पूर्ण चार दिवस आहेत.

पंधरा वर्षांपूर्वी मी कामानिमित्त तिकडे गेलो असताना एका दिवसाच्या ‘दिल्ली दर्शन’ बसने फिरलो होतो. अकरा ठिकाणे दाखवण्याचे कबूल केले होते आणि दाखवलीही. पण कुतुबमिनारापाशी वीस मिनिटे थांबलेली ती बस एका शालींच्या दुकानापाशी सव्वा तास थांबली आणि इंडिया गेट आम्ही खिडकीतूनच पाहिले. तसे या वेळी करायचे नाही.

वडील सीमाप्रश्नाच्या धरण्यासाठी दोनदा दिल्लीला गेले होते. त्यांची दिल्ली म्हणजे जंतरमंतर, एक धर्मशाळा आणि परतीची गाडी. ते आता नाहीत. आईचे म्हणणे असे, की ते जिथे बसले होते ती जागा आधी दाखव, मग तुझे किल्ले. तिचे वय ७१ असून गुडघे दुखतात. सपाटीवर ती चालते, पायऱ्या मात्र नकोत. उतरावे कोठे, कोणती ठिकाणे बिनदिक्कत सोडावीत आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने कोणती सोडू नयेत, हे जाणकारांनी सांगावे. एक दिवस आग्र्याला द्यावा का?

माजी सुभेदार, मच्छे
खानापूरकर साहेब, सेवेतील साडेतीन वर्षे मी दिल्ली छावणीत काढली आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो. आग्रा सोडा. एवढ्या वेळात जायचे म्हणजे आईंचे हाल होतील, शिवाय शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. तुमची गाडी आग्र्यावरूनच जाते. महाराज १६६६ साली ज्या शहरातून निसटले ते शहर आईंना खिडकीतून दाखवा आणि पुढे चला.

राष्ट्रीय समर स्मारक मात्र सोडू नका. इंडिया गेटच्या मागच्या बाजूला असलेले हे स्मारक २०१९ साली खुले झाले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, जमीन सपाट आहे आणि बसायला जागा आहे. पुष्कळ लोक इंडिया गेटपाशी फोटो काढून परत फिरतात. दोन्हींमधला फरक लक्षात घ्यावा. इंडिया गेट इंग्रजांनी पहिल्या महायुद्धातील आणि १९१९ च्या अफगाण युद्धातील सैनिकांसाठी बांधले. त्याची उंची ४२ मीटर आहे आणि त्याच्या दगडावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावे समर स्मारकात आहेत आणि ती पंचवीस हजारांहून अधिक आहेत.

तेथे चार वर्तुळे एकात एक आहेत. त्यांपैकी त्याग चक्राच्या भिंतींवर प्रत्येक जवानासाठी ग्रॅनाइटची एक वीट असून तीवर सोनेरी अक्षरांत नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली असते. नाव शोधण्यासाठी तेथे पडद्याची यंत्रे ठेवली आहेत. नाव घातले की वीट कोणत्या भिंतीवर आहे ते कळते. आमच्या गावचा एक जवान १९७१ साली गेला. त्याच्या धाकट्या भावाला मी तेथे घेऊन गेलो होतो. वीट त्यांच्या डोक्याच्या वर होती. त्यांनी टाचा उंचावून दोन बोटांनी अक्षरे चाचपली आणि मला विचारले, “हुद्दा बरोबर लिहिलाय ना?” मी वाचून दाखवला. हुद्दा बरोबर होता. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या बेळगावात १९२२ पासून मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, तेथून निघालेल्या माणसाने ही भिंत न पाहता परतणे मला तरी पटणार नाही. तुमच्या तालुक्यातील कोणाचे नाव असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या घरी विचारून पूर्ण नाव व पलटण लिहून घ्या. एकाच नावाचे अनेकजण सापडतात.

तेथे संध्याकाळी जा. मानवंदनेचा कार्यक्रमही पाहायला मिळेल.

वेणुग्राम
मी बेळगावात इतिहास शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन चार वेळा दिल्लीला गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की दिल्ली हे एक शहर समजून पाहायला गेलो की गोंधळ उडतो. ती एकाशेजारी एक वसलेल्या अनेक राजधान्यांची जागा आहे, म्हणून एका दिवशी एकच राजधानी पाहावी.

सर्वांत जुनी वस्ती महरौलीची. कुतुबमिनाराचे काम ऐबकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केले, इल्तुतमिशाने ते वाढवले आणि वीज पडून वरचा भाग मोडल्यावर फिरोजशहा तुघलकाने तो दुरुस्त केला. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ चे आहे. म्हणजे रट्ट राजांच्या राजधानीत, आपल्या वेणुग्रामात (जुन्या बेळगावात), त्याच्या छताचे दगडी कमळ कोरले जात होते तेव्हा तिकडे मिनाराचा तळमजला उभा राहत होता. मुलांना हे सांगितले की ती मिनाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. मिनारावर चढू देत नाहीत, त्यामुळे आईंच्या पायऱ्यांचा प्रश्न तेथे येत नाही. तेथून पूर्वेला तुघलकाबाद आहे. पण तो ओसाड किल्ला चढउताराचा असल्याने तुम्ही सोडावा. ज्या महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी आपल्या देवगिरीला हलवली, त्याच्या वडिलांनी तो बांधला, एवढे लक्षात असले तरी पुरे.

दुसरा दिवस शाहजहानाबादला, म्हणजे लाल किल्ला, जामा मशीद आणि चांदणी चौकाला द्यावा. मराठ्यांचा इतिहास तुम्हाला भेटेल तो येथेच. किल्ला १६४८ साली पुरा झाला. आत दिवाण-ए-खासमध्ये उभे राहून वर पाहा. आता तेथे रंगवलेले लाकडी छत आहे. पूर्वी चांदीचे होते. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चाला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. पानिपत त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी झाले. आपल्याकडे पानिपतावर तासन् तास बोलले जाते. पण त्या स्वारीची तंगी किती होती हे पुस्तकापेक्षा त्या छताखाली मान वर करून उभे राहिल्यावर लवकर कळते. याच महालात १७८८ साली गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले. पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेने बादशहाची सुटका केली आणि १८०३ पर्यंत किल्ल्यावर शिंद्यांचा ताबा राहिला. किल्ला आतून रिकामा वाटला तर नवल मानू नका. १८५७ नंतर इंग्रजांनी आतील बहुतेक महाल पाडून बराकी बांधल्या. सोमवारी लाल किल्ला बंद असतो.

किल्ल्यासमोरच चांदणी चौकाच्या तोंडाशी गौरीशंकराचे मंदिर आहे. ते आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने १७६१ साली बांधले असे सांगतात. आईंना तेथे घेऊन जा. त्याच रस्त्यावर पुढे शीशगंज गुरुद्वारा आहे; १६७५ साली गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला ती ही जागा. रस्ता पार पश्चिमेला संपतो तेथे खारी बावली हा मसाल्याचा घाऊक बाजार लागतो. संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या माणसालासुद्धा तेथे ठसका लागतो, हे मी स्वानुभवाने लिहिते.

१७३७ साली बाजीराव दिल्लीवर चालून गेले तेव्हाची चकमक तालकटोऱ्याजवळ झाली. तेथे आता उद्यान आणि स्टेडियम आहे. २०२५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच स्टेडियममध्ये भरले होते. त्याआधीचे दिल्लीतील संमेलन १९५४ चे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचे. इतिहासाची आवड असेल तर यमुनेपलीकडचे पटपडगंजही पाहावे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली ती लढाई त्या बाजूला झाली.

निपाणी ते करोलबाग
बाईंनी फार चांगले लिहिले आहे, परंतु पटपडगंजाबाबत माझी हरकत नोंदवतो. मी बारा वर्षे दिल्लीत नोकरी करतो आणि आठवड्यातून दोनदा पटपडगंजला जातो. तेथे गृहनिर्माण सोसायट्या, बाजार आणि वाहनांची कोंडी आहे. रणांगण म्हणून डोळ्यांना दिसावे असे काही नाही. ७१ वर्षांच्या आईंना रिक्षात बसवून तेथे नेणे म्हणजे निव्वळ छळ आहे. तो अर्धा दिवस लोधी उद्यानाला द्या. लोधी सुलतानांच्या कबरी, सपाट वाटा, झाडांची सावली आणि प्रवेश फुकट.

उतरायचे असेल तर करोलबाग किंवा पहाडगंज. दोन्हीकडे जुनी मराठी वस्ती आहे. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. करोलबागेत सोन्याचांदीची गलाई करणारी सांगली जिल्ह्यातील मंडळी आहेत, त्यामुळे गणेशोत्सवात तेथे विट्याची बोली कानावर पडते. (तुम्ही खानापूर म्हणालात तर ते त्यांचे खानापूर समजतील, बेळगावचे, असे आधी सांगा.) करोलबागेहून मेट्रोने राजीव चौकाला या आणि पिवळी मार्गिका धरा. तिच्यावर एका बाजूला चांदणी चौक, दुसऱ्या बाजूला कुतुबमिनार आणि मध्ये पटेल चौक लागतो. जंतरमंतर पटेल चौकापासून जवळ आहे. स्थानकांवर लिफ्ट असते. आईंसाठी आधी ती शोधा, कारण सरकते जिने फार वेगाने चालतात.

खानापूरकर
सर्वांचे आभार. आग्रा आणि पटपडगंज दोन्ही रद्द. जंतरमंतराबाबत एक शंका आहे. धरणे वेधशाळेच्या आतच होते का? आईने आत जायचे की रस्त्यावर थांबायचे? आणि पहिल्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला उतरल्यावर काय करावे?

वेणुग्राम
वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंहांनी १७२४ च्या सुमारास बांधली. ती कुंपणाच्या आत असून तिकीट लागते. धरणी बाहेरच्या रस्त्यावर होतात. आईंना आधी त्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसू द्या; आतले भव्य सूर्ययंत्र नंतर पाहता येईल. तेथून टिळक मार्गावरचे सर्वोच्च न्यायालय रिक्षाने फार लांब नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा त्याच इमारतीत आहे. बाहेरून घुमट दिसतो, तेवढा आईंना दाखवा.

पहिल्या दिवशी सामान टाकून दुपारी हुमायूनच्या कबरीकडे या. ती तुमच्या स्थानकाच्या अगदी जवळ आहे. १८५७ साली शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर येथेच इंग्रजांच्या हाती सापडला. मुख्य चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत. आईंना खाली बागेत बसवून तुम्ही दोघे आळीपाळीने वर जा.

माजी सुभेदार, मच्छे
एक राहिले. विजय चौकात उभे राहून राष्ट्रपती भवनाचा घुमट पाहा आणि मग चढावरून सावकाश वर चालत जा. जसजसे पुढे जाल तसतसा घुमट खाली बुडू लागतो आणि अर्ध्या चढावर जवळजवळ दिसेनासा होतो. चढाची ही चूक नकाशात वेळीच ध्यानात आली नाही, म्हणून लुट्येन्स आणि बेकर या दोन वास्तुविशारदांचे पुढे बिनसले. आम्ही संचलनाच्या सरावाला तेथे पहाटे उभे असायचो. घुमट कुठे जातो ते नव्या पोरांना मी मुद्दाम चालवून दाखवत असे. आईंना चढ नको असेल तर तुम्ही एकटे वीस पावले पुढे जाऊन मागे या, तेवढ्यातही फरक दिसतो.

फेब्रुवारीत राष्ट्रपती भवनाची बाग बहुधा उघडी असते. नोंदणी ऑनलाइन करता येते आणि ती लवकर भरते, तेव्हा आजच बघा. गाडीसाठी कुंदा घ्याल तो दोन डबे घ्या. एक भुसावळच्या आत संपतो.

निपाणी ते करोलबाग
दुसरा डबा करोलबागेपर्यंत पोहोचला तर मेट्रो स्थानकावर घ्यायला मी स्वतः येतो.