मिलो मॅक्आयव्हर पार्कातला मुक्काम आणि मंडळाचा स्वतःचा जिओकॅश

प्रेषक: हिल्सबरोहून, एक सभासद
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गेल्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत मंडळातील पाच कुटुंबे इथल्या जिओकॅचिंग करणाऱ्या स्थानिक मंडळींबरोबर ओरेगॉनमधल्या एस्टाकाडाजवळच्या मिलो मॅक्आयव्हर पार्कात क्लॅकमस नदीच्या काठी तंबू ठोकून राहिली. त्याची हकिकत सर्वांना कळावी आणि तिथे सुचलेल्या एका कल्पनेवर आपली मते घ्यावीत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी एखादा डबा (यालाच जिओकॅश म्हणतात) लपवून त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. इतरांनी जीपीएसच्या आधारे तो शोधायचा, आतल्या नोंदवहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवायचा. हा खेळ आपल्या ओरेगॉनात जन्मला, हे मला स्वतःला या सहलीपर्यंत ठाऊक नव्हते. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम जी चूक मिसळत असे, ती मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एका रात्रीत कितीतरी अचूक झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर कळवला. त्या जागी आता स्मृतिफलक आहे. रविवारी परतताना आम्ही वाट थोडी वाकडी करून तिथे गेलो, तेव्हा मुले फलकाभोवती बराच वेळ शांत उभी होती.

शनिवारची सकाळ मात्र माझ्या कायमची लक्षात राहील. डग्लस फरच्या दाट झाडीत फोनवरचा बाण सारखा जागा बदलत होता आणि आम्ही एकाच खोडाभोवती वीस मिनिटे फिरत होतो. बरोबरच्या एका वयस्क बाईंनी माझ्या मुलीला फोन खिशात ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, "रानाने जे असे मांडून ठेवले नसते, ते शोध." मुलीने शेवाळलेल्या खोडाच्या बुंध्याशी पाहिले, तर तिथे सालीचे चार तुकडे एकाच दिशेला, शेजारी शेजारी टेकवलेले होते. ते बाजूला केल्यावर हिरवा पत्र्याचा डबा दिसला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली वही आणि बोटाएवढी पेन्सिल होती. इंग्रजी नोंदींच्या खाली तिने आपले नाव देवनागरीत लिहिले आणि सालीचे तुकडे पुन्हा तसेच, त्याच दिशेला टेकवून ठेवले.

तर कल्पना अशी: मंडळाच्या पुढच्या मुक्कामात आपणही याच पार्कात एक मोठा डबा लपवावा, त्यात मराठीतून मंडळाची माहिती ठेवावी आणि शोधणाऱ्याला भेट म्हणून चिक्कीची किंवा तिळाच्या वड्यांची छोटी पाकिटे ठेवावीत. कृपया आपले मत कळवावे.

•

प्रेषक: फॉरेस्ट ग्रोव्हहून, एक सभासद

ताई, पत्र वाचून फार आनंद झाला. पुढच्या वेळी आम्हीही नक्की येऊ. दोन शंका आहेत. माझी आई बहात्तर वर्षांची आहे आणि गुडघ्यांमुळे चढउतार तिला झेपत नाही. तिला या शोधात भाग घेता येईल का? दुसरे असे, की आमच्या परसातले अ‍ॅशचे एक झाड यंदा तोडले. त्याचे लाकूड भरपूर आहे, ते सर्वांसाठी शेकोटीला घेऊन येऊ का?

•

प्रेषक: बीव्हर्टनहून, एक जुने सभासद

सप्रेम नमस्कार.

मी हा छंद बरीच वर्षे जोपासत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी लाकडाविषयी, कारण ती बाब तातडीची आहे. कृपया ते लाकूड गावाबाहेर नेऊ नये. अ‍ॅशची झाडे आतून पोखरून मारणारा हिरवा भुंगेरा ओरेगॉनात प्रथम सापडला तो २०२२ साली, आणि तोही आपल्या फॉरेस्ट ग्रोव्हमध्येच. त्याच्या अळ्या सालीखाली असतात, वरून दिसत नाहीत, आणि शेकोटीसाठी हौसेने नेलेल्या ओंडक्यांतूनच त्या दूरदूरच्या रानांत पोहोचतात. नदीकाठची आपली अ‍ॅशची झाडे गेली, तर पाण्यावरची सावलीही जाईल. लाकूड मुक्कामाच्या जवळच विकत घ्यावे.

आईंना अवश्य आणावे. प्रत्येक जिओकॅशला दोन श्रेणी असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाची आणि दुसरी वाटेची, आणि दोन्ही एकपासून पाचपर्यंत मोजतात. वाटेची श्रेणी एक असेल, तर चाकाच्या खुर्चीवरूनही तिथवर जाता येणे अपेक्षित असते. मुलांच्या बाबतीत मात्र पॉयझन ओकची (अंगाला लागल्यास खाज आणि पुरळ आणणाऱ्या झुडपाची) ओळख सर्वांनी करून घ्यावी: एका देठावर तीन पाने, कडा ओकच्या पानासारख्या नागमोडी. हिवाळ्यात पाने झडल्यावर नुसत्या काड्यांचे तेलही अंगाला लागते. स्पर्श झाल्याची शंका आली, तरी लगेच साबणाने धुवावे आणि कपडे वेगळे काढावेत.

आता ताईंच्या कल्पनेविषयी. भावना मला मनापासून पटते, पण तिथे, त्या पद्धतीने डबा लपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खाद्यपदार्थ तर मुळीच ठेवता येत नाहीत. वासाने रॅकून आणि अस्वले डबा फोडतात, आणि खाणेही बिघडते. अल्मर यांच्या बादलीत बीन्सचा डबा होता आणि बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांत खाद्यपदार्थ बसत नाहीत आणि जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. याशिवाय पार्काची परवानगी लागते, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटरांचे अंतर लागते, आणि स्वयंसेवक परीक्षकाने तपासल्यावरच डबा प्रसिद्ध होतो.

तरीही नियम ही माझी मुख्य अडचण नाही. डबा लपवणे एका दुपारचे काम आहे. तो सांभाळणे मात्र वर्षानुवर्षांचे. मी स्वतः एकदा घरापासून दोन तासांच्या अंतरावर, अशाच सहलीच्या उत्साहात डबा ठेवला होता. पहिल्या पावसाळ्यानंतर "वही ओली आहे" अशा नोंदी येऊ लागल्या आणि मी प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यावर ढकलत गेलो. अखेर गेलो तेव्हा झाकणाची रबरी पट्टी फाटलेली होती, आणि वहीचा काळा लगदा झाला होता. लहान मुलांनी लिहिलेली कितीतरी नावे त्यात विरघळून गेली होती. त्या नावांचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्यातल्या कोणाच्या घरापासून पायी जाता येईल असा एखादा जुना डबा मंडळाने सांभाळायला घ्यावा. गाव सोडून जाणारे मालक आपला जिओकॅश रीतसर दुसऱ्याच्या नावे करून देतात. आमच्या घरामागच्या ओढ्याच्या वाटेवर असा एक आहे, आणि त्याचे मालक पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यात जात आहेत. मी त्यांच्याशी बोलू का?

•

प्रेषक: हिल्सबरोहून

काका, सविस्तर पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. वहीच्या लगद्याचा परिच्छेद मी मुलीला वाचून दाखवला. तिने लगेच, शनिवारी सापडलेल्या डब्याची रबरी पट्टी चांगली होती ना, असे विचारले. मी तिकडे लक्षच दिले नव्हते.

माझी कल्पना मी मागे घेते. आपण त्या गृहस्थांशी अवश्य बोलावे. पावसाळ्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा तपासण्याचे काम आमचे कुटुंब घेईल. उन्हाळ्यातले महिने कोण घेईल, ते कृपया याच पत्राला उत्तर देऊन कळवावे. पाण्यात न विरघळणाऱ्या कागदाच्या दोन वह्या आणि पेन्सिली मी मागवत आहे.