कढीपत्त्याची नवी पानं पिवळी, शेंडे वळलेले: लोह कमी पडतंय की कीड?

गॅलरीतली_बाग

बंद गॅलरीत सरकत्या काचेजवळ १२ इंची कुंडीत कढीपत्ता आहे. वय तीन वर्षं, उंची तीन फूट. सकाळचं ऊन काचेतून तीनेक तास येतं. महिनाभर शेंड्याची नवी पानं पिवळट निघताहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. खालची जुनी पानं ठीक. त्याशिवाय दोन फांद्यांचे शेंडे आखडलेत. तिथली पानं वळलीत, हाताला चिकट लागतात आणि मुंग्या फिरत असतात.

पाणी एक दिवसाआड दीड लिटर, आरओच्या नळीतून सुटणारं, वाया जाऊ नये म्हणून. सोसायटीला बोअरचं पाणी आहे. महिन्याला दोन मुठी गांडूळखत, मूठभर अंड्याच्या टरफलांची पूड, थोडी गोवरीची राख. आठवड्याला वाटीभर ताक. नर्सरीत ‘लोह कमी आहे, जुने खिळे पुरा’ सांगितलं, तेही केलं. फरक नाही. पाणी जास्त होतंय का? पानं रोज फोडणीत जातात, त्यामुळे औषध त्या बेताने सांगा.

सामू_साडेसहा

ताई, पाणी जास्त झाल्याची लक्षणं वेगळी असतात. मुळं कुजायला लागली की आधी खालची पानं पिवळी होतात, हात लावला तरी गळतात आणि मातीला आंबूस वास येतो. नत्र कमी पडलं तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं. लोह असं हलवता येत नाही, एकदा पानात गेलं की तिथेच राहतं. म्हणून लोहाचा तुटवडा नव्या पानांवर दिसतो: पातं पिवळं, त्यावर शिरांची हिरवी जाळी. नर्सरीवाल्यांचं निदान बरोबर, उपाय चुकला. खिळ्याचा गंज पाण्यात विरघळत नाही, मुळांच्या हाती काही लागत नाही.

मुळात तुमच्या मातीत लोह असणारच. लाल मातीचा तांबडा रंग लोहाचाच. पण सामू (मातीचा पीएच) साडेसातच्या वर गेला की ते मातीतच अडकून बसतं. बोअरच्या पाण्यातली बायकार्बोनेटं, टरफलांचा चुना आणि राख, तिन्ही सामू वरच ढकलतात. त्यात आरओचं सुटलेलं पाणी. मूळ पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६०० असेल आणि तीन लिटरमागे एक लिटर प्यायचं निघत असेल, तर नळीतून ८५० ते ९०० टीडीएसचं पाणी बाहेर पडतं. ते लादी पुसायला वापरा, कुंडीला कृपा करून नको.

खात्री करायची तर वरची दोन इंच माती सारून आतली चमचाभर माती काढा, वाळवा, बशीत घेऊन तीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना साठलाय. टरफलाचा कण त्यात येऊ देऊ नका, नाहीतर तोच फसफसेल आणि निष्कर्ष चुकेल. कुंडीच्या काठावर क्षारांची पांढरी खपली जमली असेल तर तीही हेच सांगते.

पानामागे

पिवळेपणाबद्दल वरच्यांशी सहमत. शेंडे वळण्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि लोह दिल्याने ते जाणार नाही. चिकटपणा आणि मुंग्या म्हणजे रस शोषणारी कीड. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, त्यामुळे लिंबावरची सिला त्यावरही येते. भिंग घेऊन अगदी कोवळा, अजून न उलगडलेला कोंब बघा. सिलाची पिल्लं चपटी, पिवळी-नारिंगी असतात, डोळे लाल, आणि मागून पांढऱ्या मेणाचे वळलेले दोरे सुटलेले. मोठी कीड तीन-चार मिलिमीटरची, करड्या ठिपक्यांच्या पंखांची. बसते ती डोकं पानाला टेकवून, मागची बाजू वर तिरकी उचलून. ही बैठक एकदा पाहिली की पुन्हा शंका राहत नाही.

बंद गॅलरीत कोळीही (पानाचा रस शोषणारा ठिपक्याएवढा जीव, जाळ्यातला कोळी नव्हे) होतो, पण त्याने पान चिकट होत नाही. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावरचे ठिपके चालू लागले तर कोळी.

गॅलरीतली_बाग

माती जोरात फसफसली, टरफल निवडून काढलं होतं. कोंबात नारिंगी पिल्लं आणि पांढरे दोरे दोन्ही आहेत. आता आधी काय करू? मोरचूद-हिराकस (हिराकस म्हणजे फेरस सल्फेट) मिळतं त्या दुकानात कीटकनाशकही देतो म्हणाले.

पानामागे

आधी कीड. वळलेले शेंडे दोन पेरं खालून कापा, लगेच पिशवीत घालून तोंड बांधा, गॅलरीत ठेवू नका. उरलेलं झाड बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून पाण्याची धार मारा. मग १ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं द्रव साबण १ मिली घालून ढवळा, त्यात कडुनिंबाचं तेल ५ मिली घाला. हाच क्रम ठेवा. आधी तेल पाण्यात ओतलं तर तवंग तरंगतो आणि जिथे जाड पडतो तिथे पान करपतं. ऊन उतरल्यावर फवारा, सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. कापल्यावर नवे कोंब फुटतात आणि सिला अंडी कोवळ्या कोंबातच घालते, म्हणून दुसरा-तिसरा हात चुकवू नका.

दुकानातलं इमिडाक्लोप्रिड किंवा डायमेथोएट घेऊ नका. दोन्ही आंतरप्रवाही, औषध पानाच्या आत जातं आणि धुऊन निघत नाही. खाण्याच्या पानावर ते नकोच. कडुनिंबाच्या तेलानंतर आठवडाभर पानं तोडू नका. नंतरही कडवट लागली तर आणखी थांबा.

सामू_साडेसहा

टरफलं, राख, आरओचं पाणी आजपासून बंद. सोसायटीत पाणी मऊ करायचं मिठाचं यंत्र असेल तर त्याचंही पाणी नको, त्यात चुन्याऐवजी सोडियम येतं. धरणाचं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती असते. क्षार धुवायला तिच्या दुप्पट, म्हणजे ३० लिटर चांगलं पाणी सावकाश, तीन वेळा थोडं थोडं करून सोडावं लागतं, आणि खालच्या ताटलीतलं दर वेळी ओतून टाकायचं. तेवढं पाणी नसेल तर माती बदललेली बरी.

तोवर पानांतून लोह द्या. १ लिटर पाण्यात हिराकस ३ ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. द्रावण त्याच दिवशी वापरा, तपकिरी झालं की टाकून द्या. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. कडुनिंबाच्या फवाऱ्यात हे मिसळू नका, मध्ये तीन दिवस जाऊ द्या.

लाल_माती

एक भर. चुन्याच्या मातीत हिराकस नुसतं टाकलं तर दोन दिवसांत अडकून पडतं. द्यायचंच तर १० ग्रॅम किलोभर कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवा, मग वरच्या मातीत कालवा. पैसे घालायची तयारी असेल तर ईडीडीएचए लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं, चिलेटेड लोह) घ्या. लालसर पूड असते, वर गेलेल्या सामूतही टिकते. कुंडीला १ ग्रॅम पाण्यातून. ईडीटीए हा त्याचाच दुसरा प्रकार स्वस्त आहे, पण ते फवाऱ्यालाच ठेवा, चुनखडीच्या मातीत तग धरत नाही.

माझं मत माती बदलण्याच्या बाजूने, तीन वर्षांत मुळांनी कुंडी भरलेली असणार. लाल माती दोन भाग, शेणखत एक, धुतलेलं कोकोपीट एक. वाळू घालायची झाली तर बांधकामावरून उचलू नका, सिमेंटमुळे चुना परत येतो. ऐन थंडीत हात लावू नका, तेव्हा झाड थांबलेलं असतं. ताक चालेल, पण बिनमिठाचं, दहापट पाणी घालून, महिन्यातून एकदा. त्याने साठलेला चुना हटत नाही.

काचही उघडी ठेवा. तीन तासांचं गाळलेलं ऊन कढीपत्त्याला कमीच पडतं.

गॅलरीतली_बाग

शेंडे कापून पिशवीत बांधले. पिवळी पानं पुन्हा हिरवी होतील का?

सामू_साडेसहा

फिकट असलेली थोडीफार होतील, पांढुरकी झालेली नाही. त्यांच्याकडे बघून हिराकस वाढवू नका, पान काळं पडेल. दुसऱ्या फवाऱ्यानंतर जो नवा कोंब उलगडेल त्याचा रंग बघा.