म्युझिक व्हिडिओच्या प्लॅनिंगमध्ये मीडिया थिअरी नेमकी कुठं बसवायची?

गल्लीतला_कॅमेरा
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मास कॉम करतोय, ह्या सेमिस्टरला साडेतीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करायचाय, आणि शूटच्या आधी प्लॅन द्यायचाय ज्यात थिअरी वापरलेली दिसली पाहिजे. गाणं वर्गातल्याच एका मैत्रिणीनं लिहिलंय अन गायलंय, गिटार आणि दुसऱ्या अंतऱ्यापास्नं हलगी, लई भारी झालंय. पोरगी नोकरीला पुण्याला निघालीय, मुखडा ‘पोचले की फोन करते’. माझ्या डोक्यात असं आहे की ती रंकाळा, पंचगंगा घाट, खासबाग, महाद्वार रोड असं गात फिरतीय, एक मुलगा तिला लांबून बघतोय, शेवटी एसटी सुटते. सरांनी विचारलं, ह्यातलं थिअरीनं काय ठरलं? सिलॅबसला प्रॉप, तोदोरोव्ह, बार्थ, मल्व्ही, हॉल, गुडविन असे थिअरी मांडणारे सगळे आहेत. सगळे घालायचे का, आणि घालायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

हलगी_घुमकं
भावा सगळे घालू नकोस, दोन घे पण त्यांना शॉट ठरवू देत. पहिला गुडविन घे, कारण प्रॉपनं रशियन लोककथांवर काम केलं, मल्व्हीनं सिनेमावर, पण अँड्र्यू गुडविन थेट म्युझिक व्हिडिओवरच बोलतो (१९९२ चं पुस्तक आहे, लायब्ररीत विचार). त्याचा सगळ्यात कामाचा मुद्दा म्हणजे शब्द अन चित्राचं नातं. शब्दात आहे तेच दाखवलं तर इलस्ट्रेशन, शब्दात नसलेलं काहीतरी चित्रानं वाढवलं तर अ‍ॅम्प्लिफिकेशन, अन चित्र शब्दांना सोडून किंवा त्यांच्या उलटंच गेलं तर डिसजंक्चर.

आता हे तुझ्या मुखड्यावर लावून बघ. मुखडा तीनदा येत असणार. पहिल्यांदा ती स्टँडवर उभी राहून आईला हेच सांगतीय, झालं इलस्ट्रेशन. दुसऱ्यांदा तीच ओळ चाललीय पण आपण घरात आहोत, आदल्या रात्री आई शेंगदाण्याची चटणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतीय, पिशवीला गाठ मारली, परत दुसऱ्या पिशवीत घातली, तेल गळू नये म्हणून वर वर्तमानपत्र गुंडाळलं. फोनचा विषयच नाही पण ती ओळ आता आईची झाली. तिसऱ्यांदा आईचा फोन चार्जिंगला, स्क्रीन काळी, आणि गाण्यात मात्र पोरगी म्हणतीय फोन करते. शब्द एक पण नवा नाही अन अर्थ तीन झाले. सर विचारतील काय ठरवलंस, तर हे ठरवलं म्हणून सांग.

अन खासबाग कशाला रं? शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान आहे, दिसतं जबरदस्त, पण तुझ्या गाण्यात कुस्ती कुठाय? रंकाळा ठेव, तिथं ती रोज बसत असेल तर. बाकीचं सगळं कोल्हापूर दर्शन होईल.

पेठेतली_पोरगी
वरचं पटलं. मला त्या लांबून बघणाऱ्या मुलाबद्दल बोलायचंय. लॉरा मल्व्हीनं १९७५ मध्ये हेच मांडलं की पडद्यावर पुरुष बघतो, बाई बघितली जाते, आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी गेला की प्रेक्षकही तिथंच जाऊन बसतो. गाणं तिनं लिहिलंय, निर्णय तिचा, गाव ती सोडतीय, आणि व्हिडिओत तिच्याकडं बघणं एवढंच काम उरलं तर गाणं तिच्या हातातनं काढून घेतल्यासारखं होतं. मला हे खरंच खटकतं, कॉलेजच्या प्रत्येक व्हिडिओत एक मुलगा कट्ट्यावर बसून बघतच असतो!

मुलगा काढ, नाहीतर नजर उलटी कर. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, एसटीच्या खिडकीतनं ती काय बघतीय ते दाखव, मग तिचा चेहरा. आणि गुडविन आहेच तर त्याचा इंटरटेक्स्ट्युअ‍ॅलिटीचा मुद्दा पण वापर, म्हणजे एका कलाकृतीत दुसरीची आठवण जागवणं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्यालाच गेली. तुझी पोरगी त्याच वाटेनं निघालीय! स्टँडला जाताना रिक्षा खरी कॉर्नरवरनं ने, तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिच्या नजरेत तो दोन सेकंद येऊ दे. कळणाऱ्याला कळेल, बाकीच्यांना रस्ता म्हणून चालेल.

टाईमलाईन_२५
मी लग्नाचं अन गाण्यांचं एडिटिंग करतो, थिअरी ह्या दोघांनी सांगितलीच. गुडविन संगीत अन चित्राच्या नात्याबद्दल पण बोलतो, ते एडिटला येतं. गाण्याचा टेम्पो काढ. १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०० बीट असेल तर सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबानं एक बीट बरोबर १५ फ्रेमचा, चार मात्रांचा बार ६० फ्रेमचा, हिशोब सोपा. पहिल्या अंतऱ्यात प्रत्येक बीटवर कापू नको, शॉट चार चार बार चालू देत, हलगी सुरू झाली की मग कट वाढव. पहिल्यापास्नंच पटापट कापलं तर हलगी आल्यावर तुझ्याकडं द्यायला काय उरत नाही.

लिप-सिंकचं, म्हणजे गाण्याला ओठ जुळवण्याचं ऐक, प्रत्येक जागी पूर्ण गाणं एकदा तरी सलग गाऊन घे, तुकडे घेतलेस तर एडिटला मरशील. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० फ्रेमला शूट कर, स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लाव, तिनं त्या वेगात गायचं, एडिटला निम्म्या वेगात केलं की ओठ बरोबर बसतात. अन घरात ट्यूबलाईट असेल तर २५ फ्रेमला शटर १/५० ठेव, आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, नाहीतर पट्टे येतील. स्टँडवर शूटिंगचं आगारात आधी विचारून ठेव.

गल्लीतला_कॅमेरा
लई आभार सगळ्यांचे. मुलगा काढला, मैत्रीण म्हणाली बरं झालं, तिलाही तो नकोच होता. खासबाग पण काढलं. चटणीचा शॉट तिच्या आईच करणार आहेत, तयार झाल्या. एकच राहिलं, तिसऱ्या मुखड्याला काळी स्क्रीन बघून लोक म्हणतील पोरगी आईला विसरली. ते मला नकोय, मला ती दमलीय एवढंच म्हणायचंय.

पेठेतली_पोरगी
इथं स्टुअर्ट हॉल घे. तू एक अर्थ घालतोस, बघणारा आपल्या जागेवरनं वाचतो, तसाच घेईल, थोडा घेऊन थोडा बदलेल, नाहीतर साफ नाकारेल. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट झालं की तो तिच्या आईला दाखव आणि पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या एखाद्या मुलीला दाखव, दोघींना एकच विचार, पोरीनं फोन का केला नाही? दोघी ‘विसरली’ म्हणाल्या तर चार्जिंगच्या शॉटआधी तिचा एक शॉट हवा, खोलीवर आल्यावर बूट न काढताच झोपलेली, फोन हातात. तो आत्ताच शॉट लिस्टमध्ये लिहून ठेव, नंतर परत घ्यायला जमणार नाही. आणि प्लॅन देताना निबंध लिहू नकोस, गाण्याची ओळ, शॉट आणि तो शॉट कुठल्या मुद्द्यानं आला असा तक्ता कर, त्यातच काढलेला मुलगा अन खासबाग पण लिही, का काढलं त्यासकट.