कझाक खान विरुद्ध शैबानी: झगडा नेमका कशासाठी?

प्रश्न (निपाणी)
बाबराला समरकंदातून हुसकावणारा उझबेकांचा शैबानी खान सगळ्यांना ठाऊक आहे. पण कझाक खानांशी त्याचं हाडवैर का? दोघेही चंगेजखानाचा थोरला मुलगा जोची याच्या शाखेतले. एवढी अफाट गवताळ मैदानं पडलेली असताना भांडण कुठल्या जमिनीवरून?

उत्तर (खानापूर)
मैदानावरून नव्हे, सिर दर्या नदीकाठच्या शहरांवरून: सिग्नाक, सौरान, ओत्रार आणि यासी, म्हणजे आजचं तुर्किस्तान शहर. उन्हाळ्यात कळप उत्तरेला चरायचे, थंडीत नदीकाठी उतरायचे. तिथे बर्फाच्या दिवसांत आडोसा आणि चारा, शिवाय बाजारात धान्य आणि सुती कापड. हा काठ गेला की खानाची माणसं दुसऱ्याच्या आश्रयाला जायची. शैबानीने हे बरोबर हेरलं. कझाकांशी कुणी देवघेव करू नये, असा हुकूमच त्याने या तुर्किस्तान भागातल्या लोकांना दिला. माझ्या मते तलवारीपेक्षा ही कोंडी जास्त जाचक होती.

उत्तर (चिकोडी)
आधीचं घरचं वैरही धरा. शैबानी हा उझबेकांच्या अबुल खैर खानाचा नातू. १४५७ मध्ये ओइरात या पश्चिम मंगोल टोळ्यांनी अबुल खैरला हरवलं आणि त्याचा वचक गेला. जोची शाखेतल्याच उरुस खानाच्या घराण्यातले जानीबेक आणि केरेई आपली माणसं घेऊन मोगलिस्तानात, म्हणजे पूर्वेकडच्या चगताई खानांच्या राज्यात गेले. तिथला खान एसेन बुका याने त्यांना चू नदीकाठी कुरणं दिली. कझाक खानतीची (खानाच्या राज्याची) सुरुवात १४६५-६६ ची धरतात ती यामुळेच. १४६८ मध्ये अबुल खैर वारला आणि त्याचे बरेच लोक जानीबेक-केरेईंनाच येऊन मिळाले.

१५१० च्या सुरुवातीला शैबानीची मोहीम कझाकांच्या कासिम खानापुढे फसली. त्याच वर्षी डिसेंबरात मर्वजवळ इराणच्या शाह इस्माईलने त्याला मारलं. हाच शाह इस्माईल, ज्याच्या नावाने विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने खुतबा (शुक्रवारच्या नमाजातलं प्रवचन) वाचायला लावला; आपल्या बेळगावची जहागीर सांभाळणारा असद खान लारी त्याच आदिलशहाचा सरदार.

प्रश्न (निपाणी)
मग शैबानी गेल्यावर कझाकांनी बुखारा का नाही घेतलं?

उत्तर (खानापूर)
प्रयत्न झाला, पण बऱ्याच उशिरा. १५९८ मध्ये बुखाऱ्याचा दुसरा अब्दुल्ला खान वारला, तेव्हा कझाकांच्या तवक्कुल खानाने ताश्कंद आणि समरकंद घेतलं. बुखाऱ्याच्या तटापुढे मात्र त्याचं घोडदळ अडलं. तो जखमी होऊन परतला आणि त्याच वर्षी वारला. समरकंद सुटलं, ताश्कंद राहिलं. मधले खंड सोडले तर १७२३ मध्ये जुंगार (ओइरातांचीच एक शाखा) येईपर्यंत ते कझाकांकडेच होतं. नोंदी काढताना एक सांभाळा: १५९९ पासून बुखाऱ्यात शैबानी घराणं नाही, अस्त्राखानी घराणं आहे.