बंधन बँकेत आईची एफडी करायची म्हणतेय, ही आधी बायकांच्या गटांना कर्ज देणारी संस्था होती ना?

नाशिकची_लेक
आई झेडपी शाळेतून रिटायर झाली, तिच्या पैशातले 7 लाख कुठंतरी ठेवायचेत. आमच्याकडे बंधन बँकेची शाखा आहे आणि व्याज सरकारी बँकेपेक्षा जरा जास्त मिळतंय. पण मामा म्हणाला ती मूळची गटाला कर्ज देणारी मायक्रोफायनान्स आहे, खरी बँक नाहीये, नाद सोडा. आईचे पैसे मागं एका सहकारी बँकेत दीड वर्ष अडकले होते, तेव्हापासून ती पासबुक उशाशी घेऊन झोपते, त्यामुळे मला यात चूक करायची नाहीये. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

हुगळीकाठी
ताई, मी सात वर्षं नोकरीसाठी कोलकात्यात आहे म्हणून लिहितो. मामांचं अर्धं बरोबर आहे. 2001 ला चंद्रशेखर घोष यांनी हुगळी जिल्ह्यातल्या कोन्नगरला ही संस्था सुरू केली, जवळ 2 लाख रुपये होते फक्त. त्याआधी ते बांगलादेशात ब्रॅक या मोठ्या संस्थेत होते, गटाचं कर्ज कसं चालतं ते तिथंच शिकले. 2014 च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं पंचवीस अर्जांतून फक्त दोघांना नवीन बँकेची तत्त्वतः मंजुरी दिली, एक आयडीएफसी आणि दुसरी बंधन. ऑगस्ट 2015 ला 501 शाखा घेऊन बँक चालू झाली. म्हणजे आज ती पूर्ण बँक आहे, स्मॉल फायनान्स बँक (मुख्यतः छोटी कर्जं देणारी वेगळ्या लायसनची बँक) सुद्धा नाही, इतर खाजगी बँकांसारखंच लायसन.

आणि बँक होण्यानं नेमकं काय बदललं ते कुणी सांगत नाही. मायक्रोफायनान्स कंपनीला लोकांच्या ठेवी घेता येत नाहीत. ती दुसऱ्या बँकांकडून कर्ज उचलणार, त्यावर स्वतःचा खर्च लावणार आणि मग गटातल्या बाईला देणार, म्हणून ते कर्ज महाग पडतं. बँक झाली की तुमच्या आईसारख्यांच्या ठेवीतून पैसा उभा राहतो, तो स्वस्त पडतो, आणि त्या बाईला हप्त्याबरोबर स्वतःचं बचत खातंही मिळतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण इकडच्या खेड्यात कित्येकींचं आयुष्यातलं पहिलं खातं असंच उघडलंय.

माजी_फील्डवाला
मी बंधनमध्ये नव्हतो, दुसऱ्या एका कंपनीत अमरावती भागात वसुलीला होतो, नाव नाही घेत. मामांची भीती कुठून येते ते मला माहितीये. सकाळी सातला सेंटर मीटिंग, म्हणजे गटातल्या बायकांची हप्ता भरायची बैठक, कुणाच्यातरी ओसरीत चटई टाकलेली, दहा-बारा जणी, प्रत्येकीच्या हातात कार्ड आणि घामानं ओल्या झालेल्या नोटा. तारण काही नाही, एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांनी भरायचा. एकदा एक बाई आलीच नाही, आम्हाला वरून ऑर्डर की पैसे पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही, दोन तास बसलो, शेवटी तिच्या जावेनं पोराच्या वह्यांसाठी ठेवलेले तीनशे आणून दिले. ते मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं, म्हणूनच ते काम सोडलं.

पण बायका पैसे बुडवत नाहीत हो. बुडतं ते सगळ्यांचं एकदम. 2016 ला नोटाबंदी झाली, कुणाच्याच हातात चालणारी नोट नाही, त्यात गावात पुढारी सांगत फिरले की कर्ज माफ होणार भरू नका, झालं, सेंटरच्या सेंटर बंद. सोन्यावर किंवा घरावर कर्ज असतं तर विकून तरी काही येतं, इथं बाईचा शब्द सोडला तर काहीच नसतं.

ठेवीदार_काका
वरच्या दोघांचं जोडून सांगतो. बंधनचं बरंचसं कर्ज बंगाल आणि आसाममध्ये होतं. लॉकडाऊन झाला, आसामात 2021 च्या निवडणुकीत मायक्रोफायनान्सची कर्जं माफ करायचं आश्वासन आलं, थकबाकी वाढली, शेअर आपटला. 2018 च्या आयपीओत, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकले तेव्हा, 375 ला दिलेला शेअर आधी जवळजवळ दुप्पट झाला होता आणि कोविडनंतर बराच काळ 375 च्या खाली राहिला. हा धोका आधीपासून होताच, त्यामुळे 2019 मध्येच बँकेनं गृह फायनान्स ही घरकर्जवाली कंपनी विलीन करून घेतली होती, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत नकोत, शिवाय प्रमोटरचा (बँक उभी करणाऱ्या मूळ मालकाचा) हिस्सा 40 टक्क्यांवर आणायची रिझर्व्ह बँकेची अट होती आणि ती वेळेत पाळली नाही म्हणून 2018 ला नवीन शाखांवर निर्बंध आले होते, ते 2020 मध्ये उठले.

पण हा सगळा शेअरवाल्याचा त्रास आहे, ठेवीदाराचा नाही, ही गल्लत आपल्याकडे कायम होते. ठेवीला विमा 5 लाखाचा, मुद्दल आणि व्याज धरून, एका माणसाला एका बँकेत, मग शाखा कितीही असोत. मग 7 लाख एका जागी कशाला ठेवता? साडेचार इथं ठेवा, म्हणजे एका वर्षाचं व्याज धरूनही 5 च्या आत बसतं, बाकीचे पोस्टात नाहीतर स्टेट बँकेत. आणि नॉमिनी लावल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका.

नाशिकची_लेक
सगळ्यांना मनापासून थँक्यू, आईला पूर्ण वाचून दाखवलं. काकांनी सांगितलं तसंच करणार, साडेचार इथं एक वर्षासाठी आणि अडीच पोस्टात. वह्यांचा किस्सा ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया सोमवारी सकाळी हप्ता भरून मग पोरांना शाळेत सोडायच्या, मी उशीर झाला म्हणून पोरांना रागवायचे. आता तिला एकदा अशी मीटिंग बघायचीये. माजी_फील्डवाला दादा, बाहेरच्या माणसाला तिथं बसू देतात का हो?