मुलांची भीती आणि आपली धाकधूक: तुमचे अनुभव लिहा

मुलाच्या अँग्झायटीवर उपचार सुरू केले आणि मध्येच लक्षात आलं की आपलीही अवस्था काही बरी नाही, असं किती जणांचं झालंय? माझं झालं, म्हणून हा धागा काढतेय. सुरुवात मीच करते.

मुलगा आठ वर्षांचा. शाळेच्या फाटकाशी रोज तोच प्रश्न: "तू घ्यायला येशील ना?" मी म्हणायचे हो. "नक्की?" नक्की. "उशीर झाला तर?" होणार नाही. "आणि तुला काही झालं तर?" इथे माझी गाडी अडायची, कारण हाच प्रश्न आदल्या रात्री मलाही पडलेला असायचा. एकदा मोजलं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत त्याने चौदा वेळा विचारलं आणि मी चौदाही वेळा उत्तर दिलं. पोटदुखी रविवारी संध्याकाळी सुरू व्हायची आणि शुक्रवारी दुपारी थांबायची. सगळ्या तपासण्या करून झाल्या, रिपोर्ट नॉर्मल.

चार सेशन झाल्यावर समुपदेशक ताई म्हणाल्या, "पुढच्या दोन वेळा त्याला आणू नका, तुम्ही एकट्याच या." पोराबद्दल काहीतरी वाईट सांगायचं असणार, असं धरून मी रात्रभर जागी. गेले तर त्यांनी एवढंच विचारलं, "तो आत गेल्यावर तुम्ही काय करता?" खरं ते सांगितलं. पाऊण तास समोरच्या फुटपाथवर उभी असते. त्याला वर्गाच्या खिडकीतून दिसेन अशी.

तर लिहा. काय केलंत, काय करायचं थांबवलंत, काय फसलं. शेवट गोड झाला असेल तर आनंदच आहे, फक्त मधले वाईट महिने गाळू नका.

दहा वर्षांच्या मुलीचा बाबा

आमच्याकडे रात्र अवघड. अंथरुणाला पाठ टेकली की दर पाच मिनिटांनी हाक: "बाबा, दार लावलंय ना?" मी उठायचो, कडी हलवून दाखवायचो. तिला बरं वाटायचं, आणि सांगायला लाज वाटते, मलाही बरं वाटायचं. माझे वडीलही अशीच कडी हलवायचे. गॅस, नळ, दार, परत दार. घराण्याची परंपराच म्हणा.

थेरपिस्टने आम्हाला एक वही घालायला लावली. त्यात मुलीच्या भीतीबद्दल काही लिहायचं नव्हतं. त्या भीतीपायी आम्ही दोघं काय काय करतो, तेवढंच लिहायचं. आठवड्यात दोन पानं भरली. कडी दाखवणं. तिच्या खोलीत गादी टाकून झोपणं. तिच्या वतीने बाईंना फोन. मैत्रिणीच्या वाढदिवसाला न पाठवण्यासाठी सबबी. बातम्या लागल्या की झटकन टीव्ही बंद. याला त्यांच्या भाषेत 'अकॉमोडेशन' म्हणतात. मी म्हणतो भीतीचे लाड. आम्ही समजत होतो मुलीचे लाड करतोय.

एका वेळी एकच गोष्ट बंद करायची होती, आम्ही कडी निवडली. तिला आधी सांगितलं, कागदावर लिहून भिंतीला लावलं: "दाराबद्दल रात्री एकदाच उत्तर मिळेल. तुला भीती वाटते हे आम्हाला कळतं. भीती वाटत असली तरी तुला झोपता येईल, याची आम्हाला खात्री आहे." पहिल्या रात्री एकवीस हाका. रडारड, "तुला माझी पर्वाच नाही" वगैरे सगळं. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो आणि बायको बाहेर माझ्यावर पहारा देत उभी. दुसऱ्या रात्री तेवीस! आधी वाढेल आणि मग उतरेल, हे थेरपिस्टने बजावून ठेवलं नसतं तर त्याच रात्री आम्ही शेपूट घातली असती. अकराव्या रात्री एकही हाक नाही.

माझी स्वतःची कडी सुटायला चार महिने लागले. त्यासाठी मला वेगळं जावं लागलं.

जुळ्यांची आई

आई एक, घर एक, शाळा एक. एकजण कुत्रा दिसला की रस्ता बदलतो, दुसरा कुत्र्याच्या गळ्यात पडतो. 'घरातलं वातावरण' म्हणत कोणी मला धरायला आलं की मी दोघांना पुढे उभं करते. बाकी काही सांगायचं नाही.

बालमानसतज्ज्ञ, सोळा वर्षं याच कामात

जुळ्यांच्या आईशी मी सहमत. काही मुलं मुळातच हळवी, सावध स्वभावाची जन्मतात आणि त्यात कुणाची चूक नसते. पण हळवं मूल आईवडिलांचा चेहरा फार बारकाईने वाचतं, हेही खरं.

१९८५ मधला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. टेबलावर जाड काच, निम्म्या भागात काचेखाली सुमारे तीस सेंटीमीटर खोल दिसेल अशी रचना. वर्षभराचं बाळ रांगत त्या काठाशी येतं, थबकतं आणि पलीकडे उभ्या आईकडे बघतं. आईने चेहरा हसरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. चेहऱ्यावर भीती आणली तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आईने तोंडातून शब्द काढायचा नव्हता.

माझ्या खोलीतही हेच घडतं. अनोळखी माणसापुढे वाचा बसणारा एक मुलगा होता, सात वर्षांचा. भीतीला सोप्याकडून अवघडाकडे एकेक पायरी सामोरं जायचं, ती 'भीतीची शिडी'. तिची पहिली पायरी ठरली: बाहेर बसलेल्या बाईंना किती वाजले ते विचारायचं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि त्याच्या मागून आईचे ओठ हलले. तिलाही पत्ता नव्हता. पुढच्या वेळी मी तिला हात मागे बांधून बोटांवर दहापर्यंत मोजायला सांगितलं, तोवर तोंड मिटून. सातव्या बोटाला मुलगा म्हणाला, "किती वाजले?" आवाज इतका बारीक की त्या बाईंना खुर्चीतून पुढे वाकावं लागलं. मुलगा ठीक होता. रडली ती आई.

म्हणून आता मी पहिल्या भेटीतच पालकांच्या काळजीचीही चौकशी करते. ऑस्ट्रेलियात १९९८ साली ६७ मुलांवर झालेला एक अभ्यास त्याला कारण आहे. ज्यांच्या पालकांना विशेष चिंता नव्हती, त्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांना उपचार संपेपर्यंत अँग्झायटीचं निदान लागू राहिलं नाही, पालकांसाठी वेगळं काही केलं असो वा नसो. जिथे पालकही चिंताग्रस्त होते, तिथे नुसत्या मुलाच्या सीबीटीने (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) हा आकडा ३९ टक्क्यांवर अडला. पालकांना त्यांची चिंता हाताळायला शिकवलं तेव्हा तो ७७ वर गेला. पुढे येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर काम करायची पद्धत बसवली, तिचं नाव 'स्पेस'. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवरचा त्यांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. मुलाला एकदाही न बसवता पालकांची बारा सेशन घेतली, तरी गुण मुलाच्या सीबीटीइतकाच आला. वर वहीवाल्या बाबांनी लिहिलंय ते बरंचसं याच वळणाचं आहे.

चौदा वर्षांच्या मुलीची आई

वरचं सगळं वाचलं. पटलंही. तरी माझा राग लिहूनच पुढे जाते.

पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी माझ्याकडे बघून ऐकवलं, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" नवरा शेजारच्याच खुर्चीत होता, त्याला एक प्रश्न नाही. मी उठले आणि आठ महिने कुठेच गेले नाही. ते आठ महिने पोरीचे गेले. पालकांना सामील करून घ्यायचं तर त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून ते होत नाही, एवढं तरी शिकलेल्या माणसाला कळावं.

दुसऱ्या ठिकाणी बाईंनी विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" दोघांनाही विचारलं. नवरा म्हणाला, नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.

मुलीला सीबीटीबरोबर गोळीही सुचवली. आकडे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास, ७ ते १७ वयाची ४८८ मुलं. नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांत चांगली सुधारणा, नुसत्या सर्ट्रालिनने (म्हणजे त्या गोळीने) ५५, दोन्ही मिळून ८१, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने २४. घरी आले आणि रात्री दोन वाजता औषधाचं माहितीपत्रक उघडून बसले. या औषधांवर लहान वयात आत्महत्येचे विचार वाढण्याबद्दल इशारा असतो, तो चौकटीत छापलेला. मन चिंती ते वैरी न चिंती. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "इशारा खरा आहे, म्हणूनच सुरुवातीला दर आठवड्याला भेटायचं. वागण्यात अचानक फरक दिसला तर त्याच दिवशी फोन करा. ही नजर ठेवायची जबाबदारी आपण वाटून घेऊ." वाटून घेऊ, या शब्दाने मला झोप लागली.

तरी मी दिवसभर तिच्या मागे. "कसं वाटतंय?" शेवटी तिनेच नियम केला: "दिवसातून दोनदा विचार. सकाळी आणि रात्री. मी खरं सांगेन, पण दोनदाच." फ्रिजवर लावलाय तो नियम. मी तो तीनदा मोडलाय, आणि तिन्ही वेळा तिने नुसतं फ्रिजकडे बोट दाखवलं.

काळजीवाहू आईचा मुलगा, वय ३४

माझ्या आईने मला कधीच कशाला नाही म्हटलं नाही. पोहायला शिकायला गेलो तेव्हा काठावर टॉवेल घेऊन उभी. "जा, जा, उडी मार" म्हणायची आणि टॉवेल मुठीत असा आवळलेला की बोटं पांढरी. मी मुठीकडे बघायचो. पाण्यात काहीतरी भयंकर आहे आणि मोठी माणसं ते बोलत नाहीयेत, असा माझा समज झाला. पोहायला अजून येत नाही.

पहिला पॅनिक अटॅक सव्विसाव्या वर्षी आला. आई त्यावर म्हणाली, "मला तर हे लहानपणापासून होतं, त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं." दोघंही गेलो दाखवायला. एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या माणसांकडे.

आता मुलगी चार वर्षांची आहे. घसरगुंडीच्या शिडीवर चढते तेव्हा माझे हात आपोआप पुढे जातात. म्हणून ते खिशात घालतो. परवा वरून ओरडून विचारलं तिने, "बाबा, तुझ्या खिशात काय आहे?"

प्राथमिक शिक्षिका

फाटकाशी रडणारी मुलं बहुतेकदा दहा मिनिटांत खेळायला लागतात. ते दहा मिनिटं बघायला आई मात्र नसते. म्हणून एका आईला मी अकरा वाजता "तो ठीक आहे" असा निरोप पाठवायला लागले. मग तिने दहा वाजता मागितला. मग साडेनऊला. वरचं वाचताना उजेड पडला की त्या आईच्या भीतीचे लाड मीच करत होते. पुढे समुपदेशकांना मध्ये घेऊन तिच्यासाठीही पायऱ्या आखल्या: निरोप फक्त मधल्या सुट्टीत, मग एक दिवसाआड, मग अडचण असेल तरच. मुलगा तिच्या आधी सुधारला, हे मात्र सांगायला हवं.

नाव नको

आमचं अजून अर्ध्यात आहे. मुलाला लिफ्टची भीती. शिडी आखली, दहा पायऱ्या, प्रत्येकीला भीतीचे शून्य ते दहा गुण. सेशनमध्ये मी एक गोष्ट लपवली. मीही लिफ्टने जात नाही. इतकी वर्षं सातव्या मजल्यापर्यंत त्याला चालवत नेलं ते "व्यायाम होतो" म्हणून.

त्याला कधीच कळलं होतं, अर्थात.

आता दोघंही पहिल्या मजल्यापर्यंत जातो. दार बंद झालं की आकडा सांगायचा. तो म्हणाला सहा. माझा आठ होता, मी पाच सांगितला. माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "आई, खोटं." हात ओला होता. आठ आहे, म्हटलं. मग तोच मला म्हणाला की पहिल्या मजल्यापर्यंत आठचा सहा होतो, थांब जरा. झाला नाही. सात झाला. घरी सासूबाई म्हणतात, काय नाटकं लावलीत, पायऱ्यांनी जा की. त्यांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर लिहा.

धागा काढणारी

सासूबाईंचं मलाही जमलेलं नाही, त्यामुळे उत्तराची वाट मीही बघतेय.

माझ्या फुटपाथचं सांगते. मलाही पायऱ्या दिल्या होत्या. पाऊण तासावरून अर्धा, मग पंधरा मिनिटं, मग त्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यावर. कोपऱ्यावरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट गेला. हातपाय गार, आणि पुढे चालायला लागल्यावर तीनदा मागे फिरले. फाटकातल्या प्रश्नाला आता एकच उत्तर द्यायचं ठरलंय. दुसऱ्यांदा विचारलं तर "तुला उत्तर माहीत आहे" म्हणायचं आणि पापा घेऊन वळायचं. काही दिवस जमतं. आजारपणानंतर पुन्हा चौदावर गेलं होतं.

काल दप्तर खांद्यावर चढवताना त्याने विचारलं, "आई, आज तू किती वेळ थांबणार?"

"पाच मिनिटं."

"काल किती थांबलीस?"

"आठ."

त्याने मान डोलावली आणि आत गेला. मी सहा मिनिटं थांबले.