प्रोक्युअरमेंट, पर्चेस आणि आपली 'खरेदी': कुठल्या टप्प्याला काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल
गोदामात नव्याने लागणाऱ्या मुलामुलींसाठी खरेदी आणि मालपुरवठ्याच्या मूलतत्त्वांवर एक छोटी अभ्यासपुस्तिका मराठीत करते आहे. विद्यार्थी बारावी किंवा आयटीआय झालेले, चाकण-रांजणगाव पट्ट्यात कामाला जाणारे. पहिल्याच धड्यात 'पर्चेसिंग' आणि 'प्रोक्युअरमेंट' यांतला फरक समजावायचा आहे. मी आधी 'खरेदी' आणि 'प्रापण' असं लिहिलं. वर्गात वाचल्यावर एका मुलाने विचारलं, "मॅडम, प्रापण म्हणजे पार्सल का?" तेव्हापासून तो शब्द खोडलेलाच आहे. 'संपादन' लिहावं का? शिवाय इंडेंट, कोटेशन, टेंडर, पीओ (पर्चेस ऑर्डर) यांना रोजच्या कामात मराठीत खरंच काय म्हणतात? कोशातले शब्द माझ्याकडे आहेत. वापरातले हवेत.

जुना भांडारपाल
'संपादन' नको. आपल्याकडे तो शब्द जमिनीने अडवून ठेवलेला आहे. संपादन म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर भूसंपादनाची नोटीस येते आणि बाकीच्यांच्या डोळ्यासमोर मासिकाचा संपादक. 'उपार्जन' मध्य प्रदेशात गहू-धानासाठी चालते, इकडे नाही. इकडे धान खरेदी केंद्र, तूर खरेदी केंद्र. 1972 साली सुरू झालेली कापसाची योजनासुद्धा 'एकाधिकार खरेदी'च. दूध तेवढे 'संकलन' केंद्रावर जाते, कारण तिथे थेंबथेंब गोळा करणे हेच मुख्य काम.

राज्य शासनाने स्वतः काय केले ते पाहा. 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने आलेली नियमपुस्तिका 'कार्यालयीन खरेदीसाठीच्या कार्यपद्धती'ची आहे. 2023 च्या कायद्याने औषधे आणि वैद्यकीय साहित्य घेण्यासाठी जे प्राधिकरण झाले, त्याच्या इंग्रजी नावात प्रोक्युअरमेंट आहे आणि मराठी नावात 'महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण'. म्हणजे शासनालाही 'प्रापण' पेलले नाही.

फरक मात्र खरा आहे आणि तो शिकवायलाच हवा. मी असा सांगत असे: 'खरेदी' म्हणजे आदेश देणे, माल घेणे, पैसे चुकते करणे. 'खरेदी प्रक्रिया' म्हणजे त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे. गरज कोणाला, किती, कधीपर्यंत? आधीचा साठा पाहिला का? मागणीपत्र, मंजुरी, तपशील ठरवणे, दरपत्रके किंवा निविदा, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, तपासणी, साठा नोंदवहीत नोंद, देयक. वस्तू टिकाऊ असेल तर जडवस्तू नोंदवहीत नोंद, आणि शेवटी निकामी झाल्यावर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून कमी करणे. आमच्या भांडारात नवीन माणूस पहिल्या दिवशी विचारायचा, "दुकान कुठलं?" दुकानाचा प्रश्न सातव्या-आठव्या पायरीवर येतो हे कळायला त्याला सहा महिने लागत.

पाटीपेन्सिल
'प्रक्रिया' जोडून काम भागेल हे पटतंय. पण 'तपशील ठरवणे' म्हणजे स्पेसिफिकेशन ना? मुलांना हे फार हलकं वाटतं.

जुना भांडारपाल
सगळ्यात जड तेच. एक मागणीपत्र नमुन्यादाखल सांगतो. कार्यालयाकडून आले: 'लोखंडी कपाट, नग 4'. बस्स. यावर चार दुकानदारांकडून दर मागवा. चार वेगवेगळ्या कपाटांचे चार दर येतील आणि सर्वांत कमी दराचे कपाट लाथ मारली की वाकेल. तेच असे लिहा: 'लोखंडी कपाट, उंची 1980, रुंदी 915, खोली 485 मिमी, पत्रा 20 गेज, आतले कप्पे 4, तीन बाजूंनी अडकणारे कुलूप, रंग राखाडी, पोहोच करून'. आता चौघांचे दर एका तक्त्यात बसतात. ब्रँडचे नाव लिहायचे नाही, लिहिले तर स्पर्धा तिथेच संपली. शासकीय कागदात 'विनिर्देश' लिहितात, बोलताना 'स्पेसिफिकेशन' किंवा नुसते 'स्पेक'. पुस्तिकेत 'वस्तूचा तांत्रिक तपशील' लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल.

इंडेंटला 'मागणीपत्र' हा शब्द जिल्हा परिषदेपासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे चालतो. तो बिनधास्त घ्या.

गाळा नंबर सात
खासगी कंपनीत पर्चेसला आहे. आमच्याकडे निविदा, देयक हे शब्द कोणी उच्चारत नाही, हसतील. पण मराठी बोलतो सगळे मराठीच: "रिक्वेस्ट पडलीय का?", "तिघांकडून रेट मागव", "पीओ सोडला का?", "माल इनवर्ड झाला का?". पीओ 'काढतात', 'सोडतात', 'अमेंड करतात'. क्रियापदं आपली आणि नामं त्यांची. पोरं उद्या कामावर जाऊन हेच ऐकणार. तेव्हा पुस्तिकेत 'खरेदी आदेश, म्हणजे पीओ' असं एकदा देऊन पुढे पीओच वापरा ही विनंती.

आणि अजून एक. आमच्या खात्यात सोर्सिंगवाला आणि पर्चेसवाला ही दोन वेगळी माणसं. सोर्सिंगवाला पुरवठादार शोधतो, त्याचा कारखाना बघून येतो, दर आणि अटी ठरवतो. पर्चेसवाला ठरलेल्या दराने रोजच्या ऑर्डरी सोडतो आणि माल वेळेत येईपर्यंत फोन करत बसतो. दोघं मिळून जे होतं ते प्रोक्युअरमेंट. वर्गात हे माणसांवरून सांगितलं तर व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

साठ्याचे शब्दही घ्या पुस्तिकेत, गोदामवाल्याचं पोट त्यावर आहे. उदाहरण आमच्याच पॅकिंग टेपचं. दिवसाला 40 रोल लागतात. ऑर्डर सोडल्यापासून माल यायला 7 दिवस. म्हणजे येईपर्यंत 280 संपणार. ट्रक अडकला, पुरवठादाराकडे सुट्टी निघाली, तर म्हणून 80 रोल राखीव. एकूण 360. शिल्लक 360 वर आली की मागवायचं, शून्यावर आल्यावर नाही. याला रीऑर्डर लेव्हल म्हणतात, कोशात 'पुनर्मागणी पातळी' असेल. आमच्या रॅकवर लाल पट्टी मारलीय आणि खाली लिहिलंय 'इथवर आलं की सांगा'. माझ्या मते हेच सर्वोत्तम भाषांतर.

ओसरी
आपल्या भाषेत 'बेगमी' असताना एवढी खटपट कशाला? पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. पुढची गरज ओळखून वेळेआधी तजवीज करणं, हा प्रोक्युअरमेंटचा गाभाच त्यात आहे. आणि लॉजिस्टिक्सला 'रसद'. पानिपतावर रसद तुटली हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

जुना भांडारपाल
बेगमी गोड शब्द आहे, पण त्यात दर नाही, करार नाही, तपासणी नाही. घरची बाई चिंच फोडून बरणीत भरते, तीही बेगमीच. तिने कोणाकडून तीन दरपत्रके घेतली? राखीव साठ्याचा धडा असेल तिथे बेगमी चपखल बसेल. रसदेचेही तसेच. रसद पोहोचते किंवा तुटते. रसदेचा चलान फाडलेला मी तरी पाहिला नाही.

जुन्यातलेच हवे असेल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण पाहा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. जहाजांना लाकूड लागते. राज्यातल्या अरण्यातले सागवान तोडायचे तर हुजूर लिहून परवानगी घ्या. त्याहून जास्त लागले तर बाहेरच्या मुलखातून खरेदी करून आणा. आंबा-फणसाला हात लावू नका, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्या. मागणी, मंजुरी, आधी घरचा स्रोत मग बाहेरचा, आणि पुरवठादाराची संमती, सगळे आले. शब्द तेव्हाही खरेदीच होता.

लिफाफा क्रमांक दोन
निविदेबद्दल थोडं. निविदा लिपिक म्हणून इतकंच सांगते की चार जोड्या मुलांच्या डोक्यात वेगळ्या राहू देत.

दरपत्रक आणि निविदा. छोट्या रकमेला थोड्या पुरवठादारांकडून दरपत्रकं मागवतो. निविदा मोठ्या रकमेला, जाहीर सूचना देऊन, ठरलेल्या दिवशी उघडायची. 'कोटेशन' आणि 'टेंडर' हे शब्द बोलताना चालतात, पण टेंडरला कोटेशन म्हटलेलं आमच्या साहेबांना खपत नाही.

बयाणा रक्कम आणि सुरक्षा अनामत. बयाणा निविदेबरोबर भरायचा. मध्येच पळून जाऊ नये म्हणून. काम न मिळालेल्यांना तो परत जातो. सुरक्षा अनामत काम मिळालेल्याने भरायची, पुरवठा नीट व्हावा म्हणून. दोन्हींना सरसकट 'डिपॉझिट' म्हणणारे ठेकेदारच नंतर खिडकीशी भांडायला येतात. जमिनीच्या व्यवहारात 'विसार' म्हणतो तो बयाण्याचाच भाऊ, फक्त तिथे विसार किमतीत वळता होतो.

तांत्रिक लिफाफा आणि वित्तीय लिफाफा. आता सगळं संगणकावर, कागद नाही, लाख नाही, तरी आम्ही 'दुसरा लिफाफा उघडला का?' असंच विचारतो. पहिल्यात पात्रता आणि नमुने, दुसऱ्यात दर. पहिल्यात नापास त्याचा दुसरा उघडायचाच नाही.

आणि शेवटची जोडी, 'स्वस्त' आणि 'न्यूनतम देकार'. देकार म्हणजे देऊ केलेला दर, सुंदर शब्द आहे, शासन निर्णयांत टिकून आहे. न्यूनतम देकार म्हणजे तपशीलात बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी. नुसता स्वस्त म्हणजे भांडारपाल म्हणाले ते लाथेने वाकणारं कपाट. बोलताना न्यूनतम देकाराला सगळे 'एल-वन' (लोएस्ट वन) म्हणतात.

बारा टायर
ट्रान्सपोर्टवाला बोलतोय. तुम्ही सगळे ऑर्डर सोडून घरी जाता, भांडण आमच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी होतं. पोरांना एक ओळ वाचायला शिकवा, कोटेशनच्या तळाची. 'एक्स-वर्क्स चाकण' लिहिलं असेल तर दर कारखान्याच्या दारातला. गाडी, भाडं, रस्त्यातली जोखीम घेणाऱ्याची. 'एफओआर नागपूर' असेल तर नागपूरपर्यंतचं भाडं पाठवणाऱ्याकडे. एफओआर मूळ रेल्वेचा शब्द, फ्री ऑन रेल. आता माल ट्रकने जातो, शब्द तसाच राहिला. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) आणि सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स, फ्रेट) न्हावा शेवाला बोटीवर चढणाऱ्या मालासाठी. गावातल्या टेम्पोला एफओबी लिहिणारे मी पाहिलेत.

बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'पेड' की 'टू पे' ते बघायचं. टू पे म्हणजे भाडं उतरवून घेणारा देणार. त्याला ऑर्डर देताना हे कोणी सांगितलेलं नसतं, मग ड्रायव्हर चार तास उभा.

आणि 'वाराई'. हा शब्द पुस्तिकेत घाला, कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नाही. माल उतरवायचे जे पैसे गाडीवाल्याकडून मागतात ती वाराई. आमची घोषणा जुनी आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. हमालाबद्दल तक्रार नाही, त्याच्यासाठी 1969 चा माथाडी कायदा आहे आणि मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. प्रश्न कोणी द्यायची याचा. पीओवर 'उतराई कोणाकडे' एवढे दोन शब्द लिहिले तर निम्मी भांडणं संपतील.

जाता जाता, फ्रेट फॉरवर्डरसारखं काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे जुना शब्द आहे, हुंडेकरी. ठरल्या रकमेत माल पोहोचवायचा ठेका घेणारा. आता आडनावातच उरला.

खतावणी
हिशेबाच्या बाजूने दोन गोष्टी.

'चलन' लिहिताना जपा. बँकेत भरायचं तेही चलन, नोटा-नाणी तेही चलन. मालाबरोबर येतो तो 'चलान' किंवा 'डिलिव्हरी चलान' लिहा. चलान म्हणजे बिल नव्हे. चलानावर काय आणि किती, बिलावर त्याची किंमत आणि कर. पैसे सोडताना आम्ही तीन कागद शेजारी ठेवतो: पीओ, माल आल्याची नोंद आणि बिल. पीओ 100 नगांचा, आवक 96, बिल 100 चं असेल तर 96 चेच पैसे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण तिथे शब्दावर पैसे अवलंबून आहेत. 'माल मिळाला' आणि 'माल स्वीकारला' यांत फरक करा. गेटवर सही होते ती फक्त पोच. तपासून घेतल्यावर स्वीकृती. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे द्यायची मुदत स्वीकृतीपासून मोजतात. लेखी करार असेल तर ठरलेल्या दिवसांत, पण 45 च्या पुढे नाही. करार नसेल तर 15 दिवस. आणि माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. म्हणून गोदामातल्या मुलाने चलानावर नुसती सही न ठोकता 'माल मिळाला, तपासणी बाकी' असं लिहायची सवय लावावी. आणि खोट निघाली तर फोनवर ओरडून उपयोग नाही, कागद किंवा मेल गेला पाहिजे.

पाटीपेन्सिल
'माल मिळाला, तपासणी बाकी' हे तर सरावाला देते. धड्याचं नाव आता 'खरेदी प्रक्रिया' आणि पहिल्या पानावर कपाटाचं मागणीपत्र. दोन शब्द उरले. व्हेंडरला 'विक्रेता' की 'पुरवठादार'? आणि रेट काँट्रॅक्ट?

गाळा नंबर सात
पुरवठादार. विक्रेता दुकानात बसतो, आणि 'व्हेंडर'चं मराठी शोधायला गेलात तर पथविक्रेता हाती लागेल. बोलताना व्हेंडरच.

लिफाफा क्रमांक दोन
रेट काँट्रॅक्ट म्हणजे 'दरकरार'. वर्षभरासाठी दर आणि अटी ठरवून ठेवायच्या, लागेल तेव्हा त्या दराने पुरवठा आदेश द्यायचा. केंद्रात हे काम पूर्वी डीजीएस अँड डी (केंद्र सरकारचं खरेदी खातं) करायचं, ते 31 ऑक्टोबर 2017 ला बंद झालं. आता सरकारी खरेदी बरीचशी 'जेम' (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) पोर्टलवर होते. आमच्याकडे येणारे नवे पुरवठादार दरकरार झाला की पेढे आणतात आणि आठवड्याने विचारतात, माल कुठे पाठवू? दरकरारात फक्त दर असतो. नग, तारीख, पत्ता हे पुरवठा आदेशात येतं आणि तो निघेपर्यंत एक खोकंही पाठवायचं नाही.